एका आईने ओळखलेला वास : फिनाईलकीटोन्यूरियाची गोष्ट

डाएट कोल्याचा कॅन किंवा साखरेऐवजी चहात टाकायच्या गोळ्यांची डबी हातात घ्या आणि बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. त्यात ॲस्पार्टेम असेल, तर 'फिनाईलकीटोन्यूरियाच्या रुग्णांसाठी नाही' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ सापडेल. मधुमेहाचे रुग्ण अधूनमधून डबी घेऊनच येतात आणि विचारतात, "डॉक्टर, हे मला तर नाही ना?" नाही. हा आजार जन्मापासूनचा असतो, साठीत नव्याने होत नाही. पण त्या एका ओळीमागे शंभर वर्षांची गोष्ट आहे, आणि त्या गोष्टीत डॉक्टरांइतक्याच, काही वेळा जास्तच, आया आहेत. ती आज सांगतो.

आधी थोडे शरीरशास्त्र, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. आपण खाल्लेल्या प्रथिनांचे पोटात तुकडे होतात. या तुकड्यांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यातले एक फिनाईलॲलनीन. डाळ, दूध, अंडी, मासे, मटण, शेंगदाणे, गहू, तांदूळ, प्रथिन आले की त्याबरोबर हेही आलेच. शरीराच्या वाढीला ते थोडे लागते. उरलेल्याचे रूपांतर यकृतातले एक एन्झाइम टायरोसिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लात करते. हे एन्झाइम कसे बनवायचे, याची कृती एका जनुकात लिहिलेली असते. तिची एक प्रत आईकडून येते, एक बाबांकडून. एक प्रत बिघडलेली असेल तर दुसरीवर काम भागते. अशा माणसाला काहीही होत नाही, त्याला ठाऊकही नसते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर मात्र फिनाईलॲलनीन रक्तात साठत जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. हाच फिनाईलकीटोन्यूरिया. यापुढे पीकेयू म्हणू.

यातली सगळ्यात क्रूर गोष्ट अशी, की बाळ जन्मते तेव्हा गुटगुटीत, हसरे, अगदी ठणठणीत असते. पोटात असताना त्याचे जादा फिनाईलॲलनीन वारेतून आईच्या रक्तात जाते आणि आईचे यकृत त्याचा निकाल लावते. नाळ कापली की ही सोय संपते. बाळ दूध पिऊ लागते, आणि ज्या दुधाने अंग धरायचे त्यातलेच प्रथिन हळूहळू त्याच्या मेंदूवर उठते. घरात कोणाला काही कळत नाही. सहा-आठ महिन्यांनी आईच्या मनात पाल चुकचुकते, आणि आजूबाजूचे सगळे तिला सांगतात, काही मुले उशिरा बोलतात गं.

नाव नसलेला आजार

अमेरिकन लेखिका पर्ल बक यांची मुलगी कॅरल १९२० साली चीनमध्ये जन्मली. पर्लबाईंचे लहानपण चीनमध्येच गेले होते आणि लग्नानंतरही त्या तिथेच राहत होत्या. मुलगी दिसायला इतकी सुरेख, की येणारेजाणारे कौतुक करत. तिच्या अंगावर पुरळ उठे, ती खाजवून बेजार होई, अंगाला एक कुबट वास येई. तीन वर्षांची झाली तरी बोलेना. मग या आईचे ते सुरू झाले, जे आपल्याकडच्या कितीतरी आयांचे आजही होते. या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे, या देशातून त्या देशात. अमेरिकेत रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये बऱ्याच तपासण्या झाल्यावर एकाने मोघम धीर दिला. पण बाहेरच्या बोळात दुसऱ्या एका डॉक्टरने त्यांना थांबवून स्पष्ट सांगितले, की ही मुलगी कधीही बरी होणार नाही. आशा धरून स्वतःचे आयुष्य जाळून घेऊ नका. त्या डॉक्टरचे शब्द अतिशय कठोर होते. पर्लबाईंनी मात्र पुढे त्याचे उपकारच मानले, कारण खरे बोललेला तो पहिला माणूस होता. या दोन डॉक्टरांपैकी बरोबर कोण वागला, यावर माझे मत अनेकदा बदलले आहे.

१९२९ साली त्यांनी नऊ वर्षांच्या कॅरलला न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड येथील मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत ठेवले. तिथल्या खर्चासाठी उसने पैसे घ्यावे लागले. मुलीची आयुष्यभराची सोय लागावी म्हणून पैसा मिळवणे भाग होते. त्या जिद्दीने लिहीत राहिल्या आणि १९३१ साली 'द गुड अर्थ' आली. पुलित्झर मिळाले, १९३८ साली नोबेल मिळाले. त्या कादंबरीतल्या शेतकऱ्याच्या एका मुलीला बुद्धी नाही, हे वाचकांना आठवत असेल. ती व्यक्तिरेखा कुठून आली, हे मात्र वाचकांना बरीच वर्षे माहीत नव्हते. घरातल्या अशा मुलाबद्दल चारचौघांत बोलायचे नाही, हा नियम अमेरिकेतही आपल्याइतकाच कडक होता. १९५० साली पर्लबाईंनी कॅरलबद्दल उघडपणे लिहिले. त्यांनी ते लिहिले तेव्हाही मुलीच्या आजाराचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. ते नाव ऑस्लोमध्ये केव्हाच सापडलेले होते.

वीस लिटर लघवी

नॉर्वेची राजधानी ऑस्लो. बोर्ग्नी आणि हॅरी एगेलँड या जोडप्याला दोन मुले. लिव्ह १९२७ सालची, तिचा धाकटा भाऊ दाग १९३० सालचा. लिव्ह उशिरा चालली, चार शब्दांपलीकडे बोलली नाही. दागची अवस्था याहून वाईट. चार वर्षांचा झाला तरी ना चालता येई, ना बोलता, ना हाताने खाता. बोर्ग्नीबाईंनी शहरातले डॉक्टर पालथे घातले. त्या प्रत्येकाला एक गोष्ट हमखास सांगत. मुलांच्या लघवीला आणि अंगाला एक चमत्कारिक वास येतो. कुणीही ते मनावर घेतले नाही. थकल्याभागल्या आईचे भ्रम, दुसरे काय!

१९३४ साली हे जोडपे डॉ. ॲस्ब्यॉर्न फोलिंग यांच्याकडे पोचले. फोलिंग आधी रसायनशास्त्र शिकले होते आणि मग डॉक्टर झाले होते. हा योगायोग फार मोलाचा ठरला. त्यांनी मुलांना तपासले. हाताला विशेष काही लागले नाही. मग त्यांनी लघवी मागवली. त्या काळी मधुमेहींच्या लघवीत कीटोन आहेत का हे पाहायला फेरिक क्लोराइडचे थेंब टाकत. कीटोन असतील तर रंग लालसर जांभळा होतो, नसतील तर जवळपास काहीच होत नाही. लिव्हच्या लघवीत थेंब टाकताच रंग झाला गडद हिरवा, आणि थोड्या वेळाने विरून गेला. दागच्या लघवीतही तेच. असा हिरवा रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता, कोणत्या पुस्तकातही तो नव्हता.

फोलिंग यांनी आईला मुलांची सगळी औषधे बंद करायला सांगितले. रंग एखाद्या औषधाचा असायला नको. औषधे थांबली, रंग तसाच. मग खरे काम सुरू झाले. त्या अनोळखी पदार्थाला लघवीतून वेगळे काढायचे, तर लघवी भरपूर हवी. पुढचे दोन महिने बोर्ग्नीबाई मुलांची लघवी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत पोचवत होत्या. सगळी मिळून वीसेक लिटर झाली. दाग लंगोटातला मुलगा, सांगून लघवी करणारा नव्हे. त्याची लघवी ती माउली कशी गोळा करत असेल याचा विचार करा. वैद्यकाच्या इतिहासात हे श्रम कोणी मोजत नाही.

फोलिंग यांनी तो पदार्थ शुद्ध केला, त्याचे विघटन करून पाहिले. बेन्झॉइक आणि ऑक्झॅलिक आम्ल मिळाले. त्यावरून माग काढत ते फिनाईलपायरुविक आम्लापर्यंत पोचले. रक्तात तुंबलेले फिनाईलॲलनीन आडवाटेने या रूपात बाहेर पडत होते. वासही त्याच वाटेवरच्या एका आम्लाचा. म्हणजे आईच्या नाकाने बरोबर पकडले होते!

दोनच मुले, तीही एका घरातली, एवढ्यावर शास्त्र उभे राहत नाही. फोलिंग यांनी आसपासच्या संस्थांमधल्या ४३० मतिमंद रुग्णांची लघवी तपासली. त्यांतल्या आठांच्या लघवीने हिरवा रंग दाखवला. त्याच वर्षी शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बुद्धी मंद होण्यामागे शरीरातल्या रसायनातला एक नेमका, मोजता येणारा बिघाड असू शकतो, हे पहिल्यांदा इतक्या स्वच्छपणे दिसले होते.

एगेलँड कुटुंबाला या शोधाचा उपयोग झाला नाही. उपचार ठाऊक नव्हता. दाग लहानपणीच वारला. लिव्ह जगली, पण आयुष्यभर कोणाच्या तरी आधारानेच.

आणि हे १९३४ साल आहे, हे विसरू नका. त्याच वर्षाच्या आरंभी जर्मनीत 'दोषी' माणसांची सक्तीने नसबंदी करणारा कायदा अमलात आला आणि नॉर्वेनेही त्याच वर्षी आपला नसबंदीचा कायदा केला. मतिमंद मूल म्हणजे वाईट रक्त, आईबापांचा दोष, आणि उपाय एकच, अशी माणसे जन्मूच न देणे, हे तेव्हाच्या शिकल्यासवरल्या लोकांचे मत होते. इंग्लंडमधले लायोनेल पेनरोज या मताला भिडले. लंडन विद्यापीठात त्यांना मिळालेल्या प्राध्यापकपदाचे नावच मुळी 'सुप्रजननशास्त्राचे प्राध्यापक' असे होते आणि त्या पदावरच्या पहिल्या व्याख्यानासाठी त्यांनी नेमका पीकेयू निवडला. त्यांचा हिशेब साधा होता. रुग्ण अगदी थोडे, पण बिघडलेली एकच प्रत बाळगणारी धडधाकट माणसे शंभरात एक. हा दोष नसबंदीने संपवायचा तर त्या सगळ्यांना वांझ करावे लागेल, तेही मूठभर रुग्ण टाळण्यासाठी. पेनरोज यांना हा वेडेपणा वाटला. पुढे त्यांनी त्या पदाच्या नावातून 'सुप्रजनन' हा शब्द काढायला लावला.

आपल्याकडे अजून 'कोणाच्या घराण्यातून आले' हा प्रश्न पहिला विचारला जातो आणि बोट सुनेकडे दाखवले जाते. पीकेयूचे उत्तर ठरलेले आहे: दोन्ही घराण्यांतून. आईवडील दोघेही वाहक असतील तरच मूल आजारी होते, आणि तरीही दर खेपेला शक्यता चारात एक असते. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झाले असेल तर दोघांकडे एकच बिघडलेली प्रत असण्याचा संभव वाढतो, इतकेच.

बर्मिंगहॅमची मेरी

शोध लागला तरी उपचार यायला आणखी सतरा वर्षे गेली. उपचार सुचायला अवघड नव्हता. फिनाईलॲलनीन पचत नाही ना, मग देऊ नका! पण ते प्रत्येक प्रथिनात असते, आणि प्रथिनाशिवाय मूल वाढत नाही. ते वगळून उरलेले प्रथिन मुलाला द्यायचे कसे?

१९४९ साली होर्स्ट बिकेल हे तरुण जर्मन डॉक्टर इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात काम करू लागले. तिथे शीला जोन्स नावाची दीडेक वर्षाची मुलगी आली. ती बसत नव्हती, कशात लक्ष देत नव्हती, तासन्‌तास कण्हत राहायची आणि डोके आपटायची. लघवीच्या तपासणीतून पीकेयूचे निदान झाले. बिकेल यांनी आईला अभिमानाने निदान सांगितले, आणि उपचार नाही हेही सांगितले. आईला, मेरीला, त्या निदानाचे काडीचे कौतुक वाटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेच्या दाराशी उभी. काही सापडले का? तिसऱ्या दिवशी पुन्हा. ती रोज येत राहिली. बिकेल यांनी पुढे स्वतःच सांगितले, की उपचार नाही हे ऐकूनच घ्यायला ही बाई तयार नव्हती, तिला टाळता येईना, म्हणून ते शोधाला लागले.

सहकारी जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स यांच्याबरोबर त्यांनी चर्चा केली. लंडनच्या लुई वुल्फ यांनी एक युक्ती सांगितली होती. दुधातल्या प्रथिनाचे आधीच अमिनो आम्लांत तुकडे करायचे आणि ते द्रावण विशिष्ट कोळशातून गाळायचे. कोळसा फिनाईलॲलनीन धरून ठेवतो. त्याबरोबर टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनही जाते, ते वरून घालायचे. हे काम थंडगार खोलीत करावे लागे. बिकेल कोट चढवून शीतगृहात तासन्‌तास ते मिश्रण थेंबथेंब गाळत बसत. बनणारा पदार्थ चवीला आणि वासाला भयंकर होता. शीलाने तो घेतला, किंवा मेरीने तिला तो घ्यायला लावला.

सुरुवातीला पथ्य जरुरीपेक्षा कडक झाले. फिनाईलॲलनीन पूर्ण बंद झाल्याने शीलाचे वजन घटले. मग थोडे दूध सुरू केले, म्हणजे वाढीपुरते फिनाईलॲलनीन मिळेल आणि साठणार नाही. त्या दोहोंमधली अरुंद वाट सापडली, आणि काही महिन्यांत मुलगी पालटली. अंगाचा वास गेला. डोके आपटणे थांबले. केस काळसर झाले, कारण केसांचा रंग टायरोसिनपासून बनतो. ती रांगू लागली, धरून उभी राहू लागली, डोळ्यांत ओळख आली.

यापुढचा प्रसंग मला सांगायलाही जड जातो. सुधारणा आहाराने झाली की जास्त लक्ष दिल्याने, ही शंका होती. शंका रास्तच, वैद्यकात ती घ्यावीच लागते. डॉक्टरांनी शीलाच्या मिश्रणात रोज पाच ग्रॅम फिनाईलॲलनीन घालून पाहिले, आणि आईला ते सांगितले नाही. कशासाठी, तर तिचे निरीक्षण पूर्वग्रहाशिवाय मिळावे. सहा तासांत मेरीच्या लक्षात आले की काहीतरी बिघडले आहे. शीला रडू लागली, पुन्हा डोके आपटू लागली. चोवीस तासांत तिला उभे राहता येईना, रांगणेही जेमतेम. नंतर आईची संमती घेऊन हाच प्रयोग रुग्णालयात केला आणि त्याचे चित्रीकरण केले, म्हणजे जगाला खात्री पटावी. खात्री पटली. १९५३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो सविस्तर प्रसिद्ध झाला. आज असा प्रयोग कोणतीही नैतिकता समिती मान्य करणार नाही आणि करूही नये. पण त्या चित्रफितीमुळेच इतर देशांतले डॉक्टर या आहाराकडे वळले आणि असंख्य मुलांचे मेंदू वाचले, हेही तितकेच खरे. मी यातले एक खोडून दुसरे ठेवू शकत नाही.

शीलाचे पुढे काय झाले? उपचार सुरू झाला तेव्हा ती जवळपास दोन वर्षांची होती आणि मेंदूची बरीच हानी होऊन गेली होती. रोजचे ते पथ्य सांभाळणे आईला पुढे झेपले नाही. आहार सुटला आणि शीलाचे आयुष्य संस्थेत गेले. उपचार मिळालेली जगातली ही पहिली मुलगी. तिचा फायदा तिच्यानंतरच्यांना झाला.

टाचेतला थेंब

आता कोडे असे होते, की उपचार लागू पडतो, पण मेंदू बिघडण्याआधी सुरू केला तर. आणि मेंदू बिघडण्याआधी मुलात काहीच दिसत नाही. कॅलिफोर्नियात ओल्या लंगोटावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून पाहायची सोपी तपासणी निघाली, पण लघवीत तो हिरवा रंग यायला जन्मानंतर काही आठवडे जातात.

सुटका केली आणखी एका बापाने. अमेरिकेतल्या बफेलो शहरातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांचा मुलगा मतिमंद होता. त्याला पीकेयू नव्हता. कारण कधी कळलेच नाही. त्याच्यामुळे गथ्री यांनी कर्करोगाचे संशोधन सोडून या मुलांसाठी काम करायचे ठरवले. १९५८ साली त्यांच्या मेहुणीच्या लहान मुलीला पीकेयू निघाला, सव्वा वर्षाची झाल्यावर. तोवर उशीर झाला होता.

गथ्री यांनी शोधलेली तपासणी इतकी साधी आहे, की ती आपल्याला का सुचली नाही असे वाटावे. एक निरुपद्रवी जिवाणू घ्यायचा. त्याची वाढ रोखणारे रसायन त्याच्या बशीत घालायचे. भरपूर फिनाईलॲलनीन मिळाले तरच त्या रसायनावर मात करून हा जिवाणू वाढतो. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब जाड टिपकागदावर घ्यायचा, वाळवायचा, त्याची छोटी टिकली कापून बशीवर ठेवायची. टिकलीभोवती जिवाणूंचे कडे उमटले तर बाळाला पीकेयू असण्याचा संशय. वाळलेला कागद पाकिटातून टपालाने पाठवता येतो. खेड्यातल्या दवाखान्यालाही प्रयोगशाळा लागत नाही. खर्च अगदी थोडा, आणि त्यातून स्वतःला नफा घ्यायला गथ्री यांनी नकार दिला.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत चार लाख बाळांची या पद्धतीने चाचणी झाली आणि ३९ बाळे सापडली. मॅसॅच्युसेट्सने १९६३ साली ती कायद्याने सक्तीची केली, आयर्लंडने १९६६ पासून देशभर सुरू केली. याला डॉक्टरांच्या संघटनांचा बराच विरोध होता. सरकारने आम्हाला काय तपासायचे ते सांगू नये, हे एक कारण. रेटा लावला तो पालकांच्या संघटनांनी. त्या काळातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. अध्यक्ष केनेडींसोबत दोन सख्ख्या बहिणी. दोघींनाही पीकेयू. थोरलीचे निदान उशिरा झाले, धाकटीचे वेळेवर. दोघींत काय फरक पडला, ते आमदारांना भाषण देऊन सांगायची गरज उरली नाही.

त्या उत्साहात काही बाळांचे नुकसानही झाले. रक्तात थोडेसेच फिनाईलॲलनीन वाढलेल्या, आहाराची गरज नसलेल्या मुलांनाही कडक पथ्यावर ठेवले गेले आणि त्यांची वाढ खुंटली. तपासणी आली म्हणजे शहाणपण आपोआप येत नाही. म्हणून पहिला अहवाल संशयास्पद आला तर खात्रीची दुसरी तपासणी आज बंधनकारक मानतात.

बरे झाले असे वाटले तेव्हा

टाचेतल्या थेंबामुळे वाचलेली पहिली पिढी शाळेत जाऊ लागली. हुशार, खेळकर मुले. घरात मात्र तराजू. प्रत्येक घास ग्रॅममध्ये मोजायचा. वाढदिवसाला दुसऱ्याच्या घरी केक नाही, आइस्क्रीम नाही, आणि दिवसातून तीन-चार वेळा तेच दुर्गंधी पेय. पाच-सहा वर्षांचे वय झाले की मेंदूची मुख्य वाढ संपते, असे तेव्हा मानत. म्हणून त्या वयाला डॉक्टर पथ्य सोडायला सांगत. घराघरांत तो दिवस सणासारखा साजरा झाला असेल. पुढे मुलांच्या अभ्यासात, एकाग्रतेत, स्वभावात घसरण दिसू लागली, तेव्हा कळले की पथ्य सोडणे चूक होते. आज सल्ला आयुष्यभराचा आहे.

याहून मोठा धक्का अजून यायचा होता. वाचलेल्या मुली मोठ्या झाल्या, लग्ने झाली, दिवस गेले. पथ्य सुटून कैक वर्षे झालेली, रक्तात फिनाईलॲलनीन भरपूर. वारेतून ते बाळाकडे जाते, तेही आईच्या रक्तापेक्षा जास्त प्रमाणात. या बाळांना बहुधा पीकेयू नव्हता; त्यांची जनुके ठीक होती. तरीही डोके लहान, बुद्धी मंद, काहींच्या हृदयात दोष. १९८० साली अशा गरोदरपणांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. उपचार न घेतलेल्या, तीव्र पीकेयू असलेल्या आयांच्या दहातल्या नऊ मुलांवर परिणाम झालेला होता. विज्ञानाने वाचवलेल्या मुलींच्याच पोटी हे यावे! मग धावपळ करून त्या बायकांना शोधावे लागले. कित्येकींना आपल्याला लहानपणी काय होते हेही नीट आठवत नव्हते; 'लहानपणी एक पथ्य होते' एवढेच. गर्भ राहण्याआधीपासून पथ्य परत सुरू केले तर बाळ निरोगी जन्मते, हे नंतरच्या अभ्यासांत स्पष्ट झाले. शेवटी काम पुन्हा आईच्याच माथी.

कॅरल बकला फोलिंग यांच्या शोधाचा किंवा बिकेल यांच्या आहाराचा उपयोग होऊ शकला नाही. आहार निघाला तेव्हा ती एकतिशीला आली होती. तिचे निदान बऱ्याच उशिरा झाले. ती व्हाइनलँडलाच राहिली आणि १९९२ साली वारली. तिला गाणी ऐकायला आवडत.

आपल्याकडे

भारतात पीकेयू तुलनेने दुर्मीळ आहे, पण आहे. घरी असे मूल असेल तर वरण, दूध, पनीर, अंडी, मासे, शेंगदाणे, सगळे बंद, भात-पोळी मोजून. आपल्या स्वयंपाकघरात एक जुना मित्र मात्र आहे, साबुदाणा. त्यात प्रथिन जवळपास नसतेच. म्हणजे खिचडी चालते, फक्त दाण्याचा कूट न घालता. आणि कूट नसलेल्या खिचडीला खिचडी म्हणावे का, हा वाद घरातल्या आजीशी घालावा. तेल, तूप, साखर, बरीचशी फळे चालतात. आईचे दूधही मोजून देता येते, कारण त्यात गाईच्या दुधापेक्षा फिनाईलॲलनीन कमी असते. पण हा सगळा हिशेब रक्ताच्या तपासण्या पाहून आनुवंशिक आजारांतले डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच बसवतात. घरच्या घरी प्रथिने बंद करू नका. शीलाचे वजन का घटले ते वर वाचलेच आहे. काही रुग्णांना गोळ्यांनीही फरक पडतो.

फिनाईलॲलनीन नसलेले विशेष दूध महाग असते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात पीकेयूचा समावेश आहे आणि त्याखालच्या मदतीसाठी नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. निदान झाल्यावर तिथे नाव नोंदवायला उशीर करू नये.

नवजात बाळांची अशी तपासणी देशभर सर्वांना अजून मिळत नाही. गोवा सरकारने २००८ साली ती सुरू केली होती, केरळात सरकारी रुग्णालयांत काही आजारांसाठी होते; महाराष्ट्रात खासगी प्रसूतिगृहांत मागितली तर बहुतेक ठिकाणी करून मिळते. आता जिवाणूंची बशी गेली; एका थेंबातून चाळीसहून अधिक आजार यंत्राने तपासता येतात. यांतला थायरॉइडच्या कमतरतेचा आजार आपल्याकडे हजारेक बाळांमागे एकाला असतो, आणि रोजच्या एका स्वस्त गोळीने त्या बाळाची बुद्धी वाचते. ज्यांना मोठी यादी परवडत नाही त्यांनी निदान एवढी तरी करून घ्यावी. घरात आधीच्या मुलाला असा आजार असेल, किंवा कारण न कळता एखादे मूल मतिमंद असेल, तर पुढच्या गरोदरपणाआधीच आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरांना भेटा.

रक्त बाळ ४८ ते ७२ तासांचे असताना घेणे उत्तम. पहिल्या चोवीस तासांत घेतले तर बाळाच्या पोटात पुरेसे दूध गेलेले नसते, फिनाईलॲलनीन वाढायला वेळ मिळालेला नसतो, आणि अहवाल चुकून नॉर्मल येऊ शकतो. प्रसूतीनंतर दुसऱ्याच दिवशी घरी सोडत असतील, तर टाचेचा नमुना केव्हा घेतला ते विचारा. लवकर घेतला असेल तर पुन्हा द्यायला कोणत्या दिवशी यायचे, ते कागदावर लिहून घ्या.